आजोबांची कार्डं आणि आजीची पत्रं

प्रश्न : आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात २/५ मराठा पलटणीत होते, लिबियात तोब्रुकला पकडले गेले. परवा माळा साफ करताना त्यांची तीन कार्डं सापडली, वर पी.जी. ९१ असं छापलंय. नोव्हेंबर ४२, फेब्रुवारी ४३ आणि मे ४३. तिन्हींत तेच, घरून पत्र नाही, म्हस व्याली का कळवा. पण आजी तर शेवटपर्यंत सांगायची की मी दर महिन्याला पत्र धाडायचे. मग खोटं कोण बोलतंय?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : कुणीच नाही हो. पी.जी. ९१ म्हणजे इटलीतलं आवेझ्झानो, रोमच्या पूर्वेला डोंगरात, तिथे हिंदुस्थानी कैद्यांचा कॅम्प होता. तोब्रुक पडलं २१ जून १९४२ ला, ३० हजारांवर माणसं कैद झाली. १९२९ च्या जिनिव्हा करारात होतं की कैदी कॅम्पात आल्यावर आठवड्याच्या आत त्याला घरी कार्ड टाकू द्यायचं, टपाल फुकट, पत्र शक्यतो मातृभाषेत. कागदावर झकास. पण लिबियातून इटलीत न्यायचं, मग ते कार्ड गावात यायचं, तेव्हा कुठे आजीला पत्ता कळणार. मग तिचं पत्र आपल्याकडचा सेन्सॉर, तटस्थ देश, तिकडचा सेन्सॉर असं फिरत जाणार, आणि तिथे मराठी वाचणार कोण?

मेनंतर कार्ड का नाही, त्याचंही कारण दिसतं. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली, कैदी काही डोंगरात पळाले, काहींना जर्मनांनी उचललं, आणि ९१ च्या पत्त्यावर निघालेली पत्रं वाटेतच राहिली असणार.

आणखी एक, हा माझा अंदाज आहे. आजीला लिहिता येत होतं का? नसेल तर पत्र शाळेतल्या मास्तरांनी लिहिलं असेल, म्हणजे वि. वि., इकडील सर्व क्षेमकुशल, आपली तब्येत सांभाळणे. एखादं पत्र पोचलंही असेल हो, पण त्यात म्हस कुठली असायला! मास्तरांना ती लिहिण्यासारखी गोष्ट वाटलीच नसेल, आणि तिकडे काटेरी तारेआड बसलेल्या माणसाला गोठा डोळ्यासमोर आणायचाय, रेडी झाली का रेडा, दूध किती देते, कोण पिळतं.

बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसला आजोबांचा नंबर देऊन लिहा. जिनिव्हाला रेडक्रॉसकडे दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांची नोंद-कार्डं आहेत, पण ती ऑनलाइन नाहीत (पहिल्या महायुद्धाची आहेत), अर्ज करावा लागतो आणि तो वर्षातून ठरावीक वेळीच घेतात. हातातली कार्डं मात्र लॅमिनेट करू नका, आणि पोस्टाच्या शिक्क्यांचे फोटो काढा, कधी लिहिलं नि कधी पोचलं ते त्यावरून कळेल.

आणि हो, म्हशीचं काय झालं ते घरात कुणाला आठवत असेल तर आम्हाला कळवाच.