आरोग्य माहिती व्यवस्थापनाच्या इंटर्नशिपमध्ये नुसत्या फाइली लावायला देतात. प्रत्यक्ष काम शिकायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की एमआरडीत, म्हणजे रुग्णालयाच्या वैद्यकीय नोंदी विभागात, दिवसभर फाइली क्रमाने लावणं आणि झेरॉक्स काढणं एवढंच चालतं, कोडिंग (निदानाला ठरलेला कोड देणं) नि सॉफ्टवेअरला कुणी हात लावू देत नाही. मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या एमआरडीत बरीच वर्षं काम करते आणि तुमच्यासारखे विद्यार्थी आमच्याकडे येत असतात. माझं म्हणणं असं, की सॉफ्टवेअरची घाई करू नका. स्क्रीन पंधरा दिवसांत हाताखाली येते. फाइल वाचता येणं हे खरं शिक्षण, आणि त्यासाठी तुम्ही अगदी योग्य जागी बसला आहात.

सर्पदंशाची एक फाइल काढा. डिस्चार्ज कार्डावर निदान असतं ‘स्नेक बाइट’. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचा कोड टी ६३.०, आणि बहुतेक मुलं तिथेच थांबतात. पण दुखापत किंवा विषबाधा असली की ती कशामुळे झाली याचाही कोड लागतो. इथे तो एक्स २०, आणि त्यापुढचा आकडा घटना कुठे घडली ते सांगतो: घरात ०, शेतात ७. हे डिस्चार्ज कार्डावर सहसा नसतं. ते सापडतं कॅज्युअल्टीच्या कागदावर, घाईघाईत लिहिलेल्या ओळीत: ‘रात्री उसाला पाणी देताना डाव्या पायाला चावलं’. तो कागद फाइलीत लागलाच नाही तर ९ टाकावा लागतो, म्हणजे ठिकाण अज्ञात. अशा ९ च्या रांगा लागल्या की शेतात रात्री काम करणाऱ्यांना किती धोका आहे, हे त्या नोंदींतून कुणालाच कळणार नाही. फाइली नीट लावणं म्हणूनच हलकं काम नाही.

आता तीच फाइल तपासा. संमतीपत्रावर सही आहे का, डॉक्टरांच्या नोंदीवर तारीख-वेळ आहे का, सर्पविषावरचं प्रतिविष किती वाजता सुरू केलं ते औषधांच्या तक्त्यावर आहे का? जे राहिलंय त्याची चिठ्ठी करा आणि साहेबांना विचारून स्वतः वॉर्डात जा. सिस्टर सुरुवातीला वैतागतील, पण कागद कुठे अडतो ते तिथेच दिसतं. एमएलसीच्या, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या प्रकरणांच्या, फाइली मात्र वेगळ्या, कुलपात असतात. त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

रुग्ण दगावला असेल तर नमुना ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं डॉक्टरांनी दिलेलं प्रमाणपत्र, जरूर पाहा. तिथे मृत्यूचं कारण म्हणून ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलेलं वारंवार दिसेल. तो मरणाचा प्रकार झाला, कारण नव्हे. घोणस चावून मूत्रपिंडं निकामी झाली असतील तर वरच्या ओळीत ते आणि खाली मूळ कारण म्हणून सर्पदंश यायला हवा. दुरुस्ती डॉक्टरच करणार, पण त्यांच्या नजरेस आणून देणारं माणूस एमआरडीतलं असतं.

आकडेवारीही हाताने एकदा कराच. १०० खाटा, ३० दिवस, म्हणजे ३००० खाट-दिवस. रात्री १२ च्या गणनेवरून रुग्ण-दिवस २२५० भरले तर ७५ टक्के खाटा वापरात होत्या. एकदा असं केलंत की संगणकाने चुकीचा आकडा दिला तर लगेच खटकेल. आभा (डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक, सरकारी आरोग्य योजनेचे क्लेम, आयसीडी-११ हे सगळं यावर सहज चढतं.

एका बाबतीत मी फार कडक आहे: फाइलीचा फोटो मोबाइलवर कधीही काढायचा नाही, अभ्यासासाठीसुद्धा नाही. वहीत नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक न लिहिता फक्त वय, निदान, कोड आणि तो कुठल्या कागदावरून मिळाला एवढं उतरवा. आठवड्याने ती वही कोडिंग करणाऱ्या ताई किंवा दादांपुढे ठेवा आणि कुठे चुकलं ते विचारा. ‘मला कोडिंग शिकवा’ म्हटलं की लोक कामाच्या गडबडीत टाळतात, पण केलेलं काम समोर ठेवलं की पाच मिनिटं काढतात. तरीही तिथे कुणी बघतच नसेल, तर वही घेऊन कॉलेजच्या समन्वयकांना भेटा आणि कॅज्युअल्टी, वॉर्ड, कोडिंग, क्लेम अशी टेबलं फिरवून द्यायला रुग्णालयाला लेखी कळवायला सांगा.