पाऊस नव्हे, क्लॉक

प्रश्न : म्हापसा आणि मडगावच्या ऑफिसांत टेलिफोन कंपनीच्या भाड्याच्या ई-वन (डिजिटल) लाइनवर मल्टिप्लेक्सर, म्हणजे फोन आणि डेटा एकाच लाइनवर घालणाऱ्या पेट्या, बसवले. फोन लागतात, पण मध्येच टकटक येते, डेटा अडखळतो. पावसामुळे असेल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : पावसाला उगाच बोल लावू नका. टकटक ठरावीक अंतराने येत असेल, तर दोन्ही पेट्या ‘इंटर्नल क्लॉक’वर, म्हणजे बिट पाठवायला आपापल्या घड्याळाच्या तालावर असणार; बसवणारे मूळ सेटिंग तसंच ठेवून जेवायला जातात! सेकंदाला २.०४८ मेगाबिटच्या वेगात दोन्हीकडे किंचित तफावत पडली, की बफर (आलेला डेटा क्षणभर साठवणारी जागा) भरतो किंवा रिकामा होतो आणि अख्खी फ्रेम (डेटाचा एक ठरावीक तुकडा) गळते वा दोनदा येते. लाइनवर कंपनीचं क्लॉक येत असेल तर दोन्हीकडे ‘लाइन क्लॉक’ ठेवा, म्हणजे पेट्या लाइनवरून येणाराच ताल धरतील. नसेल तर मडगाव मास्टर (इंटर्नल क्लॉकवर), म्हापसा लाइन क्लॉकवर. सीआरसी-४ (डेटातल्या चुका पकडणारी तपासणी) दोन्हीकडे सारखं हवं. टकटक कधीही, कशीही येत असेल, तर मात्र ७५ ओहमच्या केबलचे कनेक्टर उघडून हिरवट गंज बघा. जुलैत आपल्याकडे तो चढतोच.