मराठवाड्यात राहून राज्यशास्त्रात आंदोलनांवर पीएचडी केली तर पुढं काही करिअर आहे का?

आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय आणि बिल निघायची वाट बघतोय, त्यामुळं करिअरचं मला न विचारलेलंच बरं. पण 'आमचे सर म्हणतात आंदोलन हा राजकीय सिद्धांताचा विषयच नाही' असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही.

माझे गाईड हेच म्हणाले होते. विषय मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात ठराव झाला, इकडं दलित वस्त्या पेटल्या, आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला. तेही नामविस्तार म्हणून, म्हणजे 'मराठवाडा' तसंच ठेवून. सिनॉप्सिस चाळून सर म्हणाले, "हे इतिहासवाल्यांना द्या. तुम्ही रॉल्स घ्या." रॉल्स म्हणजे न्यायाचा सिद्धांत मांडणारा अमेरिकन तत्त्वज्ञ.

नांदेड जिल्ह्यातल्या एका वस्तीत प्रश्नावली घेऊन गेलो. एक आजी ज्वारी निवडत बसली होती. विचारलं, "आंदोलनात आपला सहभाग कोणत्या स्वरूपाचा होता?"

"घर जळालं आमचं. त्याला सहभाग म्हणतेत का तुमच्यात?"

मग उठून तिनं पितळेचा तांब्या आणला. एका बाजूनं काळा, चेपलेला. सून मोडीत घाल म्हणते, ही घालू देत नाही. मी म्हटलं, पाटी बदलून पोट भरतं का, असं तेव्हा लोक म्हणायचे. ती म्हणाली, "नुसती पाटीच व्हती, तर मंग त्याहीनं घरं कामून जाळली?"

मान आधी की भाकरी आधी, यावर इंग्रजीत ढीगभर वाद झालेत. माझं तिसरं प्रकरण आजीच्या या उलट्या प्रश्नावर उभं आहे. सरांनी लाल पेनानं लिहिलं, 'किस्सा. गाळावा.' गाळला नाही. सही दीड वर्ष अडली.

तेव्हा गाईड बदलायचा तर नोंदणीआधीच बदला. सेट-नेट काढून ठेवा. 2016 चे मराठा मूक मोर्चे किंवा अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं उपोषण घेणार असाल तर विषय चांगलाय, पण तुमचं आडनाव कळलं की समोरचा बोलणं बदलतो, ते धरून चला. आणि हो, रॉल्स वाचाच. तेवढं सरांचं बरोबर होतं, माझं पहिलं प्रकरण लंगडंच आहे.

मागच्या वर्षी सर एका चर्चासत्रात बीजभाषक होते. विषय नामांतर. आजीचा प्रश्न त्यांनी 'एका वृद्धेने म्हटल्याप्रमाणे' म्हणून ठणकावून सांगितला, टाळ्या पडल्या. तांब्याचं त्यांना माहीत नव्हतं. तो मी प्रबंधात घातलाच नव्हता.