पहिला टोनआर्म: आधी बेअरिंग, मग बाकीचं

रेकॉर्ड प्लेअरचा टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, घरी बनवायला घेतलात आणि ९ इंचीपासून सुरुवात करताय, हे बरं केलंत. १२ इंचीचा मोह आत्ता नको. लांबी वाढली की वजनही वाढतं.

खरी परीक्षा बेअरिंगची, म्हणजे आर्म ज्यावर फिरतो त्या सांध्याची. युनिपिव्हट (एकाच टोकावर तोललेला आर्म) घरी जमतो: खाली टोकदार खिळा, त्यावर आर्मचा खळगा. काउंटरवेट (मागच्या बाजूचं तोलाचं वजन) मात्र खिळ्याच्या टोकापेक्षा खाली लोंबू दे, नाहीतर आर्म कलंडतो. तोलून आडवा तरंगता ठेवा आणि बाजूने हलकी फुंकर मारा. सरकून थांबेल तिथेच राहिला तर उत्तम. परत जुन्या जागी येत असेल, तर आधी वायरींवर संशय घ्या. माझ्या पहिल्या आर्ममध्ये मी हेडफोनची जाड वायर घातली होती. ती स्प्रिंगसारखी ओढायची, आणि मी दोन रविवार बिचारा खिळाच घासत बसलो! केसासारख्या चार बारीक वायरी घ्या, पिव्हटपाशी (खिळ्याच्या टोकापाशी) सैल वळण द्या.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- सुई स्पिंडलच्या (तबकडीच्या मधल्या खुंट्याच्या) पुढे साधारण १७-१८ मिलिमीटर जायला हवी. पिव्हटचं भोक पाडण्याआधी दोनदा मोजा.
- सुईचा भार अंदाजाने ठेवू नका. कार्ट्रिजसोबत (सुई बसवलेल्या छोट्या डबीसोबत) दिलेला आकडा (बऱ्याचदा १.५ ते २ ग्रॅम) डिजिटल काट्यावर बघा. भार कमी पडला तर सुई खाचेत उडते, आणि तबकडी त्यानेही खराब होते.
- आर्मच्या धातूच्या नळीला अर्थिंग केलं नाही की स्पीकरमध्ये गुणगुण आलीच.

अँटीस्केटिंग (आर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये याची सोय), रेझोनन्सची (आर्मच्या कंपनाची) गणितं नंतर बघू. आधी स्वस्तातली कार्ट्रिज लावा आणि एखादी ओरखडलेली तबकडी वाजवून कळवा.