रंगाआधी पत्र्यांमधल्या फटी जुळवून घे

कुर्ल्यात प्रीमियरने जोडलेला जुना फार्गो ट्रक हाती लागलाय, नशीबवान आहेस! पण मडगार्ड-बॉनेटला एवढ्यात हात लावू नकोस. चासी सपाट जागेवर, चाकांवर उभी कर आणि इंजिन, रेडिएटर बसवून घे. तो भार आला की चासी किंचित वाकते आणि आधी जुळवलेलं सगळं हलतं.

मग केबिनखालची रबरं बघ. एका कोपऱ्यातलं रबर दबलं असेल तर दरवाजाची फट वर-खाली सारखी राहत नाही, आणि लोक उगाच बिजागऱ्यांशी झटापट करत बसतात. तिथे पत्र्याचं पॅकिंग घाल.

दरवाजा लावताना स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरचा लॅच अडकतो तो भाग, काढून ठेव. तो दरवाजाला ओढून जागेवर आणतो, त्यात बिजागरीचा दोष लपतो. नवी रबरी पट्टी मात्र आत्ताच लावून बघ. जाड असली तर दरवाजा बाहेर राहतो. दरवाजे बसले की त्यांच्या रेषेत मडगार्ड, शेवटी बॉनेट. तोवर एकही बोल्ट पूर्ण आवळू नकोस.

पावसाळ्यात पत्रा उघडा ठेवूच नकोस, आपल्या हवेत रातोरात गंजतो. प्रायमर मारूनच जुळवणी कर. आणि डेंटर फट पुट्टीने भरतो म्हणाला, तर सरळ नाही म्हण.