मल्टिचॅनल ऑडिओचे सॅम्पल बफरमध्ये इंटरलीव्हड ठेवावेत की प्लेनर?

आपण 5.1, म्हणजे सहा चॅनलच्या ध्वनीसाठी स्वतःचा मिक्सर लिहीत आहात आणि सॅम्पलची (ध्वनीच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांची) मांडणी कोणती असावी, असे विचारले आहे. इंटरलीव्हडमध्ये एका क्षणाचे सगळ्या चॅनलचे सॅम्पल लागोपाठ येतात, मग पुढच्या क्षणाचे; प्लेनरमध्ये प्रत्येक चॅनलचे सॅम्पल वेगळे, सलग ठेवलेले असतात. माझे मत स्पष्ट आहे: मिक्सरच्या आत प्लेनरच ठेवा आणि साउंड कार्डाकडे सोपवताना शेवटच्या पायरीवर सहा पेडांची वेणी घाला, म्हणजे इंटरलीव्हड करा. इतक्या ठामपणे लिहिते आहे, कारण या एका गोष्टीपायी माझे तीन दिवस वाया गेले आणि वर बोलणीही मलाच खावी लागली.

2013 च्या सुमारास मी एका लहान कंपनीत प्लेअर लिहीत होते. एफएफएमपेग या ध्वनी-चित्र हाताळणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती बदलल्यावर एएसी या ध्वनी-स्वरूपाच्या डिकोडरकडून येणाऱ्या सॅम्पलचा प्रकार एफएलटीपी, म्हणजे प्लेनर फ्लोट, झाला. मी त्यातील फ्लोट तेवढा पाहिला आणि शेवटच्या 'पी'कडे दुर्लक्ष केले. चाचणीसाठी ख्यालाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण लावले, तर तानपुरा एक सप्तक वर चढलेला, सगळ्यावर खरखर, आणि तरीही तबल्याची लय जिथल्या तिथे. आमच्या सरांनी ऐकताक्षणी निदान केले की सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल) चुकला आहे. रेट चुकला असता तर स्वराबरोबर लयही दुप्पट झाली असती आणि दहा मिनिटांची फाइल पाच मिनिटांत संपली असती, हे मी सांगून पाहिले. परंतु मला रीसॅम्पलर, म्हणजे सॅम्पल रेट बदलणारा कोड, जोडण्यास सांगण्यात आले. जोडला. षड्ज जागेवर आला, लय निम्मी झाली, खरखर काही गेली नाही.

अखेरीस डाव्या चॅनलमध्ये सूर आणि उजव्यात शांतता अशी फाइल तयार करून मी बफरमधील आकडे छापले. त्या डिकोडरकडून एका वेळी प्रत्येक चॅनलचे 1,024 सॅम्पल येत होते. इंटरलीव्हड असते, तर एकाआड एक शून्य दिसले असते. प्रत्यक्षात आधी 1,024 आकडे सुराचे आणि त्यांच्यापुढे 1,024 शून्ये होती. मी डाव्याच चॅनलचे लागोपाठचे दोन सॅम्पल डावा-उजवा समजून वाजवत होते, म्हणून तो तुकडा निम्म्या वेळात, एक सप्तक वर वाजत होता, आणि उरलेल्या निम्म्या वेळात उजव्या चॅनलचा तोच तुकडा तसाच वाजत होता. एकूण वेळ म्हणूनच बदलत नव्हता. उजवा भाग मेमरीत डाव्याला लागून होता हा निव्वळ योगायोग. तसा नसता, तर प्रोग्राम कदाचित कोसळला असता आणि चूक तासाभरात सापडली असती.

आपल्या मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनलला वेगळा फिल्टर लागणार, तेव्हा इंटरलीव्हड मांडणीत दर वेळी सहा घरे उडी मारण्यात अर्थ नाही. जॅक हा ऑडिओ सर्व्हर आणि ब्राउझरमधील वेब ऑडिओ हेही प्रत्येक चॅनलचा स्वतंत्र ॲरे देतात. वेव्ह फाइल आणि आयटूएस (चिपांमध्ये ध्वनी नेणारी तारेची जोडणी) इंटरलीव्हड असतात, कारण फाइल वाचता-वाचता वाजवायची किंवा तारेतून सॅम्पल पाठवायचे, तर एका क्षणाचे सगळे चॅनल एकत्र लागतात.

अर्थात, सगळ्या चॅनलचा आवाज सारखाच कमी-जास्त करायचा असेल, तर कोणतीही मांडणी चालते, आणि लहान मायक्रोकंट्रोलरवर दुसऱ्या बफरला जागाच नसेल, तर इंटरलीव्हडच ठेवा. एफएफएमपेगच्या फ्रेममधील 'डेटा' या ॲरेत आठच पॉइंटर (प्लेनरमध्ये चॅनलमागे एक) मावतात. त्याहून जास्त चॅनल प्लेनर स्वरूपात आले, तर 'एक्स्टेंडेड डेटा' वापरावा लागतो. चॅनलचा क्रम हा आणखी वेगळा विषय आहे: वेव्हमध्ये 5.1 चा नेहमीचा क्रम डावा, उजवा, मध्य, एलएफई (खर्ज आवाजांचा चॅनल), मागचा डावा, मागचा उजवा असा असतो, तर एएसीच्या मूळ प्रवाहात मध्य आधी येतो. ती गल्लत झाली, तर संवाद डाव्या स्पीकरमधून येतील. तेव्हाही कोणी ज्येष्ठ सॅम्पल रेटवर बोट ठेवू लागले, तर कोड बदलण्याआधी त्यांच्यासमोर घड्याळ लावून फाइल शेवटपर्यंत वाजवा.