“मला कुठेही चालेल”: सुट्टीचं ठिकाण ठरवताना होणारी भांडणं

‘येत्या वर्षी कुठे जायचं यावरून आमच्याकडे दर वेळी वाजतं. शेवटी कुणीतरी एक जण ठरवतो, बाकीचे तोंड पाडून जातात आणि परत आल्यावर आठवडाभर अबोला. एवढ्याशा गोष्टीवर एकमत होत नाही, म्हणजे आमच्यातच काही बिघडलंय का?’ समुपदेशनाला येणाऱ्या कुटुंबांकडून हा प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर एका घराच्या अनुभवातून देत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पुण्यातलं पाच माणसांचं घर. नवरा ४५ वर्षांचा, खासगी कंपनीत. बायको राष्ट्रीयीकृत बँकेत. सासूबाई सत्तरीच्या, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी रोज चालू. मुलगा दहावीला, मुलगी सहावीत. नवऱ्याला लेह-लडाखला जायचं होतं, सासूबाईंना केदारनाथला. मुलांना समुद्र हवा होता, पण मुलाचा समुद्र थायलंडचा आणि मुलीचा मालवणचा. बायकोचं म्हणणं एकच, “मला कुठेही चालेल.”

वाद लेह आणि केदारनाथ यांच्यात आहे, असं सगळे धरून चालले होते. आम्हाला काळजी वाटली ती या शेवटच्या वाक्याची. “कुठेही चालेल” म्हणणाऱ्या माणसाला घरात समजूतदार म्हणतात. पण बरेचदा त्याने मत देणंच सोडून दिलेलं असतं, कारण ठिकाण कुठलंही ठरलं तरी त्याच्या वाट्याची कामं तीच राहणार असतात. मग न दिलेलं मत प्रवासात भलत्या जागी बाहेर पडतं. हॉटेलच्या चादरींवरून, जेवणातल्या तेलावरून, उशीर झाल्यावरून. ऐकणाऱ्याला कळत नाही की इतक्या साध्या गोष्टीवर एवढा राग कशाचा.

या घराने आधी दोन उपाय करून पाहिले होते. एक म्हणजे मतदान. तीन विरुद्ध दोन अशी मतं पडली आणि ज्यांची मतं कमी पडली त्यांनाही सामान उचलून बरोबर जावंच लागलं. हरलेल्याला विजेत्याबरोबर आठ दिवस एका खोलीत राहायचं असेल तिथे बहुमत कामाचं नाही. दुसरा उपाय, दर वर्षी एकाची पाळी. हा वरवर न्याय्य वाटतो, पण पाच माणसांच्या घरात पाळी पाच वर्षांनी येते. सत्तरीच्या बाईला पाच वर्षं थांबा म्हणणं म्हणजे नाही म्हणणंच.

पहिल्या भेटीत प्रत्येकाला एक कोरा कागद आणि १५ मिनिटं दिली. तीन गोष्टी हव्यात त्या लिहायच्या, दोन नकोत त्या लिहायच्या, आणि ठिकाणाचं नाव अजिबात लिहायचं नाही. एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही, मुलांना शब्द सुचवायचे नाहीत. नवऱ्याने लिहिलं: उंच डोंगर, ऑफिसचा फोन लागू नये, मुलाबरोबर निवांत चार दिवस. नको होती गर्दी आणि बाजारहाट. सासूबाईंचं नातीने लिहून घेतलं: दर्शन शांतपणे व्हावं, सगळी माणसं बरोबर असावीत, लवकर व्हावं. नको होती रेटारेटी, आणि ‘माझ्यामुळे कुणी खोळंबायला नको’. मुलाला उशिरापर्यंत झोपायचं होतं आणि वडिलांनी अभ्यासाचा विषय काढायला नको होता. मुलीने लिहिलं, ‘आईने पण पाण्यात यायचं.’

बायकोचा कागद दहा मिनिटं कोराच होता. शेवटी तिने एक ओळ लिहिली: ‘सकाळचा चहा मला कुणीतरी हातात आणून द्यावा.’ आणि नकोच्या खाली: ‘रोज सामान बांधणं.’ कागद वाचले गेले तेव्हा नवराच म्हणाला, “मागच्या वेळी सहा दिवसांत चार हॉटेलं बदलली आपण.”

यादी करताना लोक ‘हवं’वर भर देतात. आमचा सल्ला उलटा आहे. ‘नको’ला जास्त वजन द्या. हवी असलेली एखादी गोष्ट राहून गेली तर माणूस सावरतो, पण नको असलेली गोष्ट रोज समोर आली तर सगळी सुट्टी नासते. म्हणून प्रत्येकाचं एक ‘नको’ पक्कं मानायचं, त्यावर कुणीही वाद घालायचा नाही.

मग कामांची यादी करायला लावली. तिकिटं आणि खोल्यांपासून ते औषधांचा डबा, खाऊ, इस्त्री, दूधवाल्याला आणि कामाच्या मावशींना कळवणं, कुंड्यांना पाणी, गॅसचा कॉक, परत आल्यावरचे कपडे, रिकामा फ्रीज. २६ कामं निघाली, त्यातली १९ बायकोच्या नावावर. हे वाटप बदलल्याशिवाय ठिकाणाची चर्चा पुढे न्यायची नाही, असं ठरलं. वाटून घेताना ‘मी मदत करतो’ ही भाषा टाळायची. औषधांचा डबा मुलाचा म्हटला की गोळ्या मोजणं, प्रिस्क्रिप्शनचा फोटो काढणं, राहिलं तर दुकानात पळणं, सगळं त्याचंच. आठवण करून देण्याचं काम आईकडे राहिलं तर काम वाटलंच गेलेलं नाही.

दुसऱ्या भेटीत वर्षाचं कॅलेंडर मांडलं आणि खरा अडसर तिथे सापडला. मुलीची परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत. मुलाचा दहावीचा निकाल मे महिन्यात, आणि पाठोपाठ अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया. त्या दिवसांत पसंतीक्रम भरणं, कागदपत्रं चढवणं, मोबाइलवरचा ओटीपी हे सगळं वेळेत व्हावं लागतं. नवऱ्याची योजना मेअखेरीस लेहची होती. लडाखमध्ये इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं, आणि या घरातला प्रवेशासाठी नोंदवलेला नंबर प्रीपेड होता. म्हणजे फोन लागू नये ही वडिलांची इच्छा पुरी झाली असती, पण मुलाच्या प्रवेशाच्या जिवावर.

लेहच्या बाबतीत तब्येतीचा मुद्दाही उरतोच. विमानाने गेलं की माणूस काही तासांत साधारण ३,५०० मीटर उंचीवर उतरतो. पहिले ४८ तास विश्रांती, भरपूर पाणी, धावपळ बंद, हा नियम तरुणांनाही पाळावा लागतो. पँगाँग सरोवर तर ४,२०० मीटरच्याही वर. त्यांच्या आराखड्यात मात्र दुसऱ्याच दिवशी ‘खारदुंग ला’ ही खिंड होती, जी ५,३०० मीटरच्या पुढे आहे. असं वेळापत्रक केलं की डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होतं आणि दोन दिवस खोलीत जातात. रक्तदाब असलेल्या सासूबाई खोलीत थांबल्या असत्या, आणि त्यांच्यापाशी कोण थांबलं असतं हे सांगायला नको.

केदारनाथही ३,५८३ मीटरवर. गौरीकुंडापासून १६ किलोमीटरहून जास्त चढ. घोड्यावरून जाता येतं, पण दुखऱ्या गुडघ्यांना आणि कंबरेला तासन्‌तास खोगीर सोसत नाही. हेलिकॉप्टर आहे, मात्र हवामान बिघडलं की फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे हाताशी दोन दिवस राखीव ठेवावे लागतात. शिवाय मे-जूनमध्ये तिथे सगळ्यात जास्त रेटारेटी, जी त्यांच्या कागदावर ‘नको’मध्ये होती. सासूबाईंना हे सांगताना नवरा-बायको दोघेही चाचरत होते. आम्ही सुचवलं की ‘तुम्हाला झेपणार नाही’ असं घरच्यांनी म्हणूच नये. ते डॉक्टरांना ठरवू द्यावं आणि त्या भेटीत प्रश्न सासूबाईंनी स्वतः विचारावेत. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि इतक्या उंचीवर मुक्काम टाळा, दोनेक हजार मीटरपर्यंत हरकत नाही, असं सांगितलं.

त्यानंतरची वाट सासूबाईंनीच काढली. केदारनाथाचं मंदिर भाऊबीजेला बंद होतं आणि देवाची डोली (पालखी) खाली ऊखीमठला येते. हिवाळाभर पूजा तिथल्या ओंकारेश्वर मंदिरात होते. ऊखीमठ सुमारे १,३०० मीटरवर, गावापर्यंत गाडी जाते. त्या म्हणाल्या, “देव सहा महिने खाली येऊन राहतो, तर मी तेव्हाच जाते.” घरच्यांनी हाच पर्याय आधी त्यांच्या गळ्यात मारला असता तर त्यांना तो दुय्यम वाटला असता. स्वतः निवडल्यावर तसं राहिलं नाही. गाडीचा खर्च त्यांनी आपल्या पेन्शनमधून द्यायचं ठरवलं. नवऱ्याने आधी नको म्हटलं, मग मानलं. ज्येष्ठांना पैसे देऊ द्यावेत. त्यामुळे त्यांना थांबा म्हणायचा, हळू चला म्हणायचा हक्क वाटतो.

मग वर्ष दोन भागांत बसवलं. परीक्षा संपल्यावर आणि निकालाच्या आधी, मेच्या पहिल्या आठवड्यात मालवणजवळ एकाच घरगुती निवासात चार रात्री. जाताना कोल्हापूरला मुक्काम, म्हणजे एका दिवसात घाटासकट सगळा रस्ता काढावा लागणार नाही. फोनवर विचारायचे प्रश्न लिहून काढले: तळमजल्यावर खोली आहे का, कमोड आहे का, वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा किती तास चालतो, मेमध्ये विहिरीला पाणी पुरतं का, चहा-नाश्ता-जेवण दरात धरलंय का. कोकणात मेमधला दमटपणा सोसवत नाही, त्यामुळे समुद्र सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ पावसाळ्यात बंद असतात, आणि मेअखेरीलाच समुद्र खवळायला लागतो. म्हणून तारखा पुढे ढकलायच्या नाहीत.

दुसरा भाग दिवाळीच्या सुट्टीत. डोलीला ऊखीमठला पोचायला तिसरा दिवस उजाडतो, म्हणून भाऊबीज घरी करून दुसऱ्या दिवशी निघायचं, ऋषिकेशला मुक्काम आणि चौथ्या दिवशी ऊखीमठ. ऋषिकेशपासून अंतर साधारण पावणेदोनशे किलोमीटर, पण डोंगरातला रस्ता असल्याने दिवस मोडतो. सकाळी सहाला निघायचं, अंधार पडल्यावर गाडी चालवायला लावायची नाही. तिथे तीन रात्री एकाच खोलीत. सासूबाई आणि सून गावात, देवळात. बाप-लेक एक दिवस चोपत्याहून तुंगनाथच्या देवळाला. चढ चारेक किलोमीटरचा, उंची साधारण ३,६८० मीटर. नोव्हेंबरमध्ये ते देऊळ बंद असलं तरी हिमशिखरं समोर दिसतात. सकाळी वाटेवर बर्फाचा पातळ थर असतो, पाय घसरतो, तेव्हा पकड असलेले बूट आणि काठी हवी. उंचावर दम लागला किंवा डोकं दुखलं तर शिखराचा हट्ट न धरता खाली यायचं, हे बापाने लेकाला आधीच सांगून ठेवायचं. बायकोची एलएफसी, म्हणजे बँकेकडून मिळणारी प्रवासखर्चाची सवलत, याच प्रवासाला लावायचं ठरलं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, दिवाळीच्या गाड्या पाहता पाहता भरतात. ती तारीख नवऱ्याच्या नावाने कॅलेंडरवर लिहिली.

पैशांचं बोलणं बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी होतं आणि तिथेच पुन्हा ठिणगी पडते. आकडा ठिकाणाच्या आधी सांगायचा. या घराचा वर्षाचा आकडा २ लाख ४० हजार होता. त्यातले ३६ हजार, म्हणजे १५ टक्के, आधीच बाजूला काढले. रद्द झालेलं तिकीट, वाढलेला मुक्काम, डॉक्टर यांच्यासाठी. उरलेल्यात थायलंड बसत नाही हे मुलाने स्वतः बेरीज करून पाहिलं. कुरकुर त्याने केलीच, आणि ती करू द्यावी. नाराज मुलाला लगेच समजावायला गेलं की वाद लांबतो.

लेह राहिलं. ते नवऱ्याला लागलं आणि त्याने तसं मोकळेपणाने सांगितलं. तेव्हा पुढच्या वर्षीच्या जूनच्या पानावर ‘लेह, बाप-लेक, सात दिवस’ असं लिहून त्यासाठी दरमहा ४ हजार रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली. ‘पुढे बघू’ असं तोंडी आश्वासन दिलं की समोरच्याला तो नकारच वाटतो.

एकदा आरक्षण झालं की नवे पर्याय शोधणं बंद करायचं, हेही ठरवून घ्या. भांडणाचा दुसरा अंक बहुतेक वेळा इथे सुरू होतो. कुणाचे तरी फोटो पाहून ‘आपण तिकडे जायला हवं होतं’ म्हटलं की ज्याने धावपळ करून जमवलं त्याला ते लागतं. तसंच, गावाहून आल्या आल्या ‘मजा आली का’ असं विचारू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग प्रत्येकाला विचारा की पुढच्या वेळी काय वगळायचं.

आता मूळ प्रश्न, आमच्यात काही बिघडलंय का? ठिकाणावरून वाद होणं, आवाज चढणं, दोन दिवस रुसवा, यात बिघडलेलं काही नाही. पाच माणसांना पाच प्रकारची विश्रांती लागते. मात्र काही गोष्टी दिसल्या तर प्रवासाचा विषय बाजूला ठेवून मदत घ्या: घरातलं कुणीतरी भीतीमुळे मत देत नाही, पैसा किती आहे हे एकालाच माहीत आहे आणि विचारलं की राग येतो, सुट्टी जवळ आली की कुणाची झोप उडते, किंवा घरातलं माणूस बाहेर जाणंच टाळायला लागतं. अशा वेळी कागद आणि कॅलेंडर पुरत नाही, आणि पहिल्या भेटीला सगळ्यांनी मिळून यायचीही गरज नाही. ज्याला त्रास होतोय त्याने एकट्याने यावं.

ही चर्चा सुरू करायला सुट्टीच्या चार महिने आधीचा एखादा रविवार धरा, सकाळची वेळ, पाऊण तासाहून जास्त नाही. रात्री जेवणानंतर, सगळे दमलेले असताना, हा विषय काढू नका.